कुत्र्यामांजरांना निवांत झोप लागावी म्हणून वाद्यसंगीत: कसं निवडावं, कसं वाजवावं

पाळीव प्राण्यांसाठीच्या शांत संगीताचे आठ-आठ, दहा-दहा तासांचे ट्रॅक ऑनलाइन हवे तितके मिळतात. ट्रॅक लावायचा, आवाज वाढवायचा आणि बाहेर पडायचं, एवढंच बहुतेक घरांत होतं. कुत्रा मात्र फेऱ्या मारत राहतो, मांजर उठून दुसऱ्या खोलीत जातं, आणि ‘आमच्याकडे संगीताचा उपयोग होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. खरं कारण बहुधा वेगळंच असतं. आवाज मोठा असतो, स्पीकर अंथरुणाला चिकटून असतो, किंवा ते सूर फक्त घर रिकामं होतानाच कानावर पडतात.

संगीताचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. बाहेरून अचानक येणारे आवाज त्यात थोडे बुजतात, हा एक. दुसरा म्हणजे, ‘आता काही घडणार नाही, पडून राहायला हरकत नाही’ ही खूण प्राण्याला मिळते. हा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे आणि तो आपोआप होत नाही. ती खूण शांत वेळी शिकवावी लागते.

त्यांच्या कानाला काय ऐकू येतं

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आवाज ऐकू येतात. कुत्र्याची मर्यादा सुमारे ६७ पासून ४५,००० हर्ट्झपर्यंत जाते, तर मांजराची जवळपास ५० पासून ८५,००० हर्ट्झपर्यंत. या दोघांचे कान ८,००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतात. आपले २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणून झांज, घंटी, शीळ किंवा तारेवर नखी आपटल्याचा टणत्कार आपल्याला नुसता चमकदार वाटतो, पण त्यांना तो बोचू शकतो. उलट आपल्या छातीत घुमणारा अगदी खालचा खर्ज कुत्र्याला आवाज म्हणून फारसा ऐकूच येत नाही. कामाचा पट्टा त्यामुळे मधला उरतो: साधारण १०० ते ४,००० हर्ट्झ.

‘फक्त मांजरांनाच ऐकू येणाऱ्या लहरी’ असं लिहिलेले ट्रॅक सरळ बाजूला ठेवावेत. नेहमीच्या ध्वनिफाइलमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यामुळे २२,०५० हर्ट्झच्या वरचं काहीही तिच्यात साठवताच येत नाही. कमी दर्जाची एमपी३ तर १६,००० हर्ट्झच्या आसपासच कापलेली असते. वाद्यं कोणत्या स्वराला जुळवली आहेत ते सांगणारा ‘४३२ हर्ट्झ’ हा आकडा ट्रॅकवर लिहिलाय की ‘४४०’, यावरही निवड ठरवू नये. लय, आवाजातले चढउतार आणि वाद्याचा पोत या तीन गोष्टींनी फरक पडतो.

अभ्यासांतून काय हाती लागलं

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली निवाराघरातल्या कुत्र्यांना शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत, पॉप, हेवी मेटल आणि माणसांचं बोलणं ऐकवून पाहिलं. शास्त्रीय संगीत चालू असताना कुत्रे जास्त वेळ पडून राहिले, हेवी मेटलला जास्त भुंकले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासातही शास्त्रीय संगीताला कुत्रे जास्त झोपले आणि हेवी मेटलला त्यांचं अंग जास्त थरथरलं.

घरी प्रयोग करणाऱ्याला त्याहून उपयोगी पडेल तो ग्लासगो विद्यापीठाचा अनुभव. २०१५ मध्ये तिथल्या गटाला दिसलं की एकच संगीत रोज लावलं तर पहिल्या दिवसाचा परिणाम दुसऱ्या दिवसापासूनच ओसरू लागतो. २०१७ मध्ये त्यांनी पाच प्रकार आलटून पालटून वाजवले, तेव्हा सॉफ्ट रॉक आणि रेगेला कुत्र्यांचा प्रतिसाद सर्वांत चांगला आला. तेव्हा शास्त्रीय संगीतच हवं असा हट्ट नको, पण आलटापालट हवी.

मांजराची गोष्ट निराळी आहे. २०१५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी चेलोवादक डेव्हिड टी यांनी मांजरांसाठी मुद्दाम रचलेलं संगीत ऐकवलं. त्यात घुरघुरीच्या आणि पिल्लं दूध ओढतात त्या वेगाचे ठेके आणि घसरत जाणारे स्वर होते. माणसांच्या संगीतापेक्षा या संगीताकडे मांजरं जास्त वळली, स्पीकरला अंग घासू लागली. पुढे २०२० मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणीच्या वेळी असंच संगीत लावलं, तेव्हा मांजरांच्या वागण्यातला ताण शास्त्रीय संगीत आणि शांतता या दोन्हींपेक्षा कमी दिसला. रक्तातल्या पेशींच्या मोजणीत मात्र फरक आढळला नाही. संगीताचा परिणाम खरा आहे, पण मर्यादित आहे, हे यातून कळतं आणि अपेक्षा तेवढीच ठेवावी.

ट्रॅक कसा पारखायचा

लय आधी मोजावी. घड्याळ समोर धरून १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि ४ ने गुणा. उत्तर ५० ते ७० च्या मध्ये आलं तर ट्रॅक पुढच्या चाचणीसाठी ठेवा. ठोका सापडतच नाही, स्वर नुसते वाहत आहेत, असं असेल तर तेही चालतं. ९० च्या वर असलेली गत कितीही गोड असली तरी झोपेच्या यादीत नको.

मग चढउतार पाहा. ट्रॅक आवाज अगदी कमी करून, दुसरं काम करत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐका. मध्ये कुठेही तुमचं लक्ष वेधलं गेलं, तर प्राण्याचंही जाणार. संगणकावर फाइल उघडून लहरींचा आलेख पाहिला तर हे डोळ्यांनाच दिसतं: हवी असते सपाट, जाडसर पट्टी, अधूनमधून सुळके उभे राहिलेले दिसले की ती फाइल नको. वाद्यवृंदाच्या रचना इथेच मार खातात. पाच मिनिटं हळुवार चाललेली रचना सहाव्या मिनिटाला तुताऱ्या आणि नगाऱ्यांसह उसळते आणि नुकता डोळा लागलेला कुत्रा दचकून उठतो.

वाद्यांमध्ये एकल पियानो, चेलो, नायलॉनच्या तारांची गिटार आणि खालच्या सप्तकातली हार्प ही भरवशाची. व्हायोलिन आणि बासरी खालच्या पट्टीत छान चालतात, तार सप्तकात गेली की मांजराचे कान मागे वळतात. संतूर, मेंडोलिन, बँजो यांत प्रत्येक स्वर आघाताने सुरू होतो, त्यामुळे जपून. तानपुऱ्याची नुसती झंकार कित्येक कुत्र्यांना मानवते. ठोका नाही, अचानक काही नाही, आणि बाहेरचे बारीक आवाज तिच्यात बुजतातही.

हिंदुस्थानी वाद्यसंगीताची संपूर्ण मैफल मात्र आहे तशी लावू नये. सतार किंवा सरोदचा आलाप विलंबित असतो, मंद्र सप्तकात रेंगाळतो, आणि नेमका तोच भाग हवा असतो. पण पुढे लय धरणारा ‘जोड’ येतो, मग ‘झाला’ हा वेगवान भाग, मग तबल्यासह द्रुत गत, आणि शेवटी टाळ्या. आलापाची पहिली १० ते १५ मिनिटं कापून वेगळी फाइल करावी. अनेक आलापांचे असे तुकडे जोडून तासाभराचा फार चांगला संच तयार होतो.

‘निसर्गध्वनी’ असलेले ट्रॅक पूर्ण ऐकल्याशिवाय लावू नयेत. पाऊस चालेल, पण पावसाच्या ट्रॅकमध्ये बहुतेकदा विसाव्या मिनिटाला वीज कडाडते. पक्ष्यांच्या किलबिलाटाने माणूस सैलावतो. मांजर मात्र शिकारीच्या पवित्र्यात खिडकीशी जाऊन बसतं. लांबून येणारं भुंकणं, दाराची बेल, टाळी, शीळ, फोनची रिंग यांपैकी काहीही आलं की ट्रॅक बाद.

असे निदान पाच-सहा वेगवेगळे संच हवेत, प्रत्येकी ४५ ते ६० मिनिटांचे. आज पियानो, उद्या चेलो, परवा आलाप. पोत बदलतो, लय तीच राहते.

फाइल घरीच नीट करून घ्या

तयार ट्रॅक जवळपास बरा असतो, पण पूर्ण बरा क्वचितच. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या घरात वापरायची फाइल अर्ध्या तासात सुधारता येते.

१. ट्रॅक उघडा आणि नको असलेले भाग, म्हणजे द्रुत गत, टाळ्या, निवेदन, कापून टाका.

२. उंच स्वर दाबणारा लो-पास फिल्टर लावा: ६,००० हर्ट्झ, उतार सप्तकामागे ६ डेसिबल. यापेक्षा खाली, २,००० वर वगैरे कापू नका. आवाज उशीखालून आल्यासारखा होतो आणि मग ऐकू यावा म्हणून स्पीकर वाढवला जातो, म्हणजे सगळं मुसळ केरात.

३. कंप्रेसर लावून चढउतार आवळा. गुणोत्तर ३:१ पुरे. जास्त आवळलं तर दोन स्वरांमधली शांतताही वर येते आणि ध्वनिमुद्रणातली खरखर ऐकू येऊ लागते.

४. सगळ्या संचांची पातळी एकसारखी करा. त्यासाठी ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ हा पर्याय आहे. हे टाळलं तर एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना आवाज एकदम उडी मारतो, आणि झोपमोडीचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे.

५. सुरुवातीला ३० सेकंद हळूहळू चढता आणि शेवटी निदान २ मिनिटं उतरता आवाज ठेवा. शांतता अचानक पडली तरी प्राणी जागा होतो, हे लक्षात घेतलं जात नाही.

६. फाइल डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी प्रकारात साठवा. एमपी३ च्या दोन्ही टोकांना क्षणभराची पोकळी राहते, आणि तीच फाइल पुन्हा पुन्हा वाजली की जोडावर बारीक ‘टक’ होतो.

स्पीकर कुठे, आवाज किती

प्राणी झोपतो त्या जागेपासून स्पीकर २ ते ३ मीटर लांब असावा. पिंजऱ्यावर, टोपलीत किंवा अंथरुणाखाली कधीच नको, आणि हेडफोन तर मुळीच नकोत. स्पीकर थेट प्राण्याकडे तोंड करून ठेवण्याऐवजी भिंतीकडे किंवा पडद्याकडे वळवला तर उंच स्वरांची धार कमी होते. टेबलावर जाड कापडाची घडी घालून त्यावर स्पीकर ठेवा. लाकडातून जाणारी कंपनं जमिनीवर पडलेल्या कुत्र्याच्या हाडापर्यंत पोचतात.

आवाज अंथरुणापाशी, प्राण्याच्या कानाच्या उंचीवर मोजायचा. मोबाइलवरचं मोजणारं ॲप अंदाजे आकडा देतं, पण तो पुरेसा आहे. दोन माणसांचं साधं बोलणं मीटरभरावरून ६० डेसिबलच्या आसपास भरतं. संगीत त्यापेक्षा स्पष्ट कमी, ४५ ते ५० डेसिबल ठेवा. ॲप नसेल तर सोपी कसोटी: अंथरुणापाशी बसून हळू आवाजात बोला. समोरच्याला शब्द नीट कळले तर आवाज बरोबर. आवाज चढवावा लागला तर संगीत मोठं आहे. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो; खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे त्याहून थोडा कमी उतरतो, तरी बटण न फिरवता स्पीकर मागे सरकवून पाहणं सोपं पडतं.

प्राण्याला उठून जाता आलं पाहिजे. संगीत ज्या खोलीत आहे तिचं दार उघडं, आणि दुसऱ्या खोलीत तितकीच मऊ, ओळखीची बसायची जागा. ही अट सोडायची नाही. जाता येत असूनही प्राणी तिथेच राहिला, तरच संगीत मानवलं म्हणायचं. बंद खोलीत कोंडून लावलेलं संगीत त्याच्यासाठी टाळता न येणारा आवाज होतो.

उपकरणांचे त्रास वेगळेच. ब्लूटूथ स्पीकर जोडला जाताना आणि बॅटरी संपत आली की टणटणतो. आवाजाच्या दृष्टीने त्या दिवशीची ती सर्वांत वाईट गोष्ट असते. बारीक, उंच आणि थांबून थांबून येणाऱ्या आवाजांनी, उदाहरणार्थ धूरसूचक यंत्राच्या बॅटरीच्या ‘पीप’ने, कुत्रे विशेष अस्वस्थ होतात. शक्य असेल तर वायरने जोडलेला स्पीकर वापरा. संगीत स्वतःच्या फोनवरून लावून घराबाहेर पडलात, तर दहाएक मीटर गेल्यावर ब्लूटूथ तुटतं आणि संगीत बंद पडतं, नेमकं तेव्हाच जेव्हा ते हवं असतं. जुना फोन किंवा टॅबलेट घरातच ठेवा, फाइल त्यात उतरवून घ्या, इंटरनेट बंद करा, सूचनांचे सगळे आवाज बंद करा. इंटरनेटवरून थेट वाजवलं की मध्ये जाहिरात येते, आणि ट्रॅक संपल्यावर ॲप आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावतं.

खूण शिकवण्याचे तीन आठवडे

पहिल्या आठवड्यात संगीत प्राण्याला शांत करण्यासाठी लावायचंच नाही. तो आधीच शांत असताना लावायचं. कुत्र्याचं फिरणं झालंय, खाऊन झालंय, लघवी करून आलाय आणि तो आपणहून आडवा झालाय; आता संगीत सुरू करा आणि त्याच खोलीत बसून आपलं काम करा. २० ते ३० मिनिटं, दिवसातून एकदा, जमलं तर रोज त्याच वेळी. हाक मारायची नाही, ‘कसं वाटतंय’ म्हणून वाकून पाहायचं नाही. मांजरासाठी खेळ आणि त्यानंतरचं खाणं झालं की अंग चाटून ते झोपायला जागा शोधतं. ती वेळ पकडा.

दुसऱ्या आठवड्यात क्रम उलटा करा. झोपेची नेहमीची वेळ झाली की आधी संगीत, मग प्राणी आडवा होतो का ते पाहायचं. झाला तर पाचेक मिनिटांनी त्याच्या पंजांजवळ एक छोटासा खाऊ मुकाट्याने ठेवा. उत्साही ‘शाब्बास’ इथे नको, तो खडबडून उठेल. १५ मिनिटं झाली तरी उभाच असेल, तर संगीत हळूहळू उतरवून बंद करा आणि पहिल्या आठवड्याच्या पद्धतीवर आणखी चार दिवस काढा. घाई केली की खूण कच्ची राहते.

तिसऱ्या आठवड्यात संगीत चालू असताना खोलीबाहेर जा: आधी एक मिनिट, मग तीन, मग पाच, पुन्हा एक. वेळ सतत वाढवत नेऊ नका, मध्ये छोट्या फेऱ्या घाला. त्यानंतर घराबाहेर.

इथे एक जागा फार नाजूक आहे. संगीत फक्त बाहेर पडतानाच लावलं, तर थोड्याच दिवसांत ते किल्ल्यांच्या खुळखुळाटासारखं होतं: सूर सुरू झाले की कुत्रा धापा टाकू लागतो, कारण आता घर रिकामं होणार हे त्याने ताडलेलं असतं. म्हणून बाहेर जाताना एकदा लावलंत, तर घरात असताना निदान तीन-चार वेळा लागलं पाहिजे. बाहेर पडण्याच्या २० ते ३० मिनिटं आधी सुरू करा आणि परत आल्यावर लगेच बंद करू नका.

उपयोग होतोय की नाही

मनाच्या समाधानावर सोडू नका. तीन दिवस संगीताशिवाय आणि तीन दिवस संगीतासह, त्याच वेळी, फोनवर चित्रीकरण करा. तीन गोष्टी लिहून ठेवा: आडवं व्हायला किती मिनिटं लागली, तासाभरात किती वेळा उठला, आणि झोपेत श्वास किती. श्वास मोजताना छाती वर-खाली झाली की एक. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. निरोगी प्रौढ कुत्र्यामांजराचा झोपेतला श्वास मिनिटाला साधारण ३० च्या आत असतो. पंजे झटकत असतील, मिशा हलत असतील, तर ती स्वप्नांची झोप आहे. तिच्यात श्वास अनियमित असतो, तेव्हा मोजू नका.

मानवलंय हे असं दिसतं: कुत्रा एका कुल्ल्यावर कलून किंवा कुशीवर पडतो, हनुवटी जमिनीला टेकते, मोठा उसासा सोडतो. मांजर पाय अंगाखाली घेऊन किंवा कुशीवर पसरून बसतं, डोळे अर्धवट मिटतात, शेपूट स्थिर असते. मानवलेलं नसेल तर कुत्रा ओठ चाटतो, झोप नसताना जांभया देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, फेऱ्या मारतो. मांजराचे कान आडवे होतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, शेपटीचं टोक आपटत राहतं. मांजराच्या घुरघुरीवर एकट्यावर विश्वास ठेवू नका, दुखत असतानाही मांजर घुरघुरतं.

नापसंतीची खूण दिसली की आधी आवाज कमी करा, मग वाद्य बदला, मग स्पीकरची जागा. एका वेळी एकच गोष्ट, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. तिन्ही करूनही प्राणी खोली सोडून जात असेल, तर त्याला शांतताच हवी आहे, तीच द्या. काही कुत्र्यांना संगीतापेक्षा माणसाचा संथ आवाज मानवतो. निवाराघरातल्या कुत्र्यांना ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकवली तेव्हा ते शास्त्रीय संगीतापेक्षा जास्त वेळ पडून राहिले होते.

रात्र, गडगडाट, दवाखाना

रात्रभर संगीत चालू ठेवायची गरज नाही. झोपायच्या वेळी ४५ ते ६० मिनिटं, उतरत्या शेवटासह, आणि मग खरी शांतता. पहाटे मांजर जागं होऊन सगळ्यांना उठवत असेल तर संगीताने ते थांबणार नाही; मांजर मुळातच पहाटे आणि संध्याकाळी चपळ असतं. रात्री उशिराचा खेळ आणि त्यानंतरचं खाणं जास्त कामाला येतं. नव्याने घरी आलेल्या पिल्लाला पहिल्या रात्री संगीत सोबत करतं, पण त्याचं अंथरूण माणसाच्या जवळ असणं त्याहून महत्त्वाचं. कुत्र्यामांजरांच्या नवजात पिल्लांसाठी संगीत लावूच नका. त्यांचे कान जन्मतः बंद असतात आणि साधारण एक ते दोन आठवड्यांनी उघडू लागतात. आईला मात्र त्या काळात शांतता हवी असते.

फटाके आणि वीज यांसाठी तयारी वेगळी. घराच्या आतल्या बाजूची, कमी खिडक्यांची खोली निवडा, पडदे ओढा, टेबलाखाली चादर टाकून लपायला जागा करा. पहिला आवाज होण्याच्या ३० ते ४० मिनिटं आधी संगीत लावा आणि त्यासोबत दुसऱ्या स्पीकरवर किंवा पंख्याच्या रूपात सलग घुमणारा आवाज ठेवा. गडगडाट खालच्या पट्टीत असतो, त्यामुळे पियानोपेक्षा पंख्याची घरघर किंवा ब्राउन नॉइज (खालच्या पट्टीतला सलग घुमणारा आवाज) त्याला जास्त झाकते. धमाक्यावर मात करायला आवाज वाढवू नका; धमाका झाकला जाणार नाहीच, वर त्या संगीताची भीतीशी सांगड बसेल आणि तीन आठवड्यांची मेहनत वाया जाईल. म्हणूनच अशा रात्रीसाठी रोजच्या झोपेचा संच न वापरता वेगळा ठेवणं शहाणपणाचं. घाबरलेला कुत्रा जवळ आला तर त्याला कुशीत घ्या. जवळ घेतल्याने भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. दरवेळी थरकाप होणाऱ्या प्राण्यासाठी काही आठवडे आधीच पशुवैद्याशी औषधांबद्दल बोलून ठेवावं.

मांजराला दवाखान्यात नेताना एकच ट्रॅक ठरवा. पिंजरा आठवडाभर आधी उघडा ठेवून त्यात खाऊ घाला, तो ट्रॅक मंद आवाजात लावा, मग गाडीत तोच, आणि प्रतीक्षाकक्षात पिंजऱ्यावर चादर टाकून फोनवर अगदी हळू तोच. अनोळखी जागेत नवं संगीत लावलं तर ती आणखी एक अनोळखी गोष्ट होते.

ससे, गिनिपिग आणि पक्षी

सशाच्या बाबतीत निश्चल बसणं म्हणजे शांत होणं नव्हे. भ्यायलेला ससा थिजून बसतो, डोळे विस्फारलेले, श्वास भराभर. सैलावलेला ससा मागचे पाय लांब करतो किंवा धप्पकन कुशीवर पडतो. फरक ओळखता येत नसेल तर संगीत लावू नका. गिनिपिगसाठीही हीच सावधगिरी, आणि दोघांसाठी आवाज ४५ डेसिबलच्या आतच.

पोपटवर्गीय पक्षी दिवसा संगीतात रमतात, सूर मिळवतात, म्हणजे ती करमणूक झाली. झोपेसाठी त्यांना १० ते १२ तास अंधार आणि शांतता हवी. संध्याकाळी अर्धा तास मंद संगीत, दिवे हळूहळू कमी, आणि पिंजऱ्यावर कापड पडण्याआधी संगीत बंद. पक्षी चोच हलकेच घासू लागला, एक पाय वर घेतला, की झोप जवळ आली.

संगीत पुरेसं नसतं तेव्हा

माणसं बाहेर गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच कुत्रा दार ओरबाडत असेल, सलग रडत असेल, लाळ गाळत असेल, घरात लघवी करत असेल, तर तो एकटं राहण्याचा तीव्र ताण असू शकतो. त्याला प्रशिक्षण आणि बहुतेकदा औषध लागतं. संगीत फक्त सोबतीला. वयस्क कुत्रा आवाजांना अचानक दचकू लागला, तर सांधे किंवा पाठ दुखत नाही ना, हे तपासून घ्या. दुखणं आणि आवाजाची भीती यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. म्हातारं मांजर रात्री मोठ्याने ओरडू लागलं, तर थायरॉइड, रक्तदाब आणि मेंदूच्या म्हातारपणाची तपासणी आधी करावी.

संगीताला काहीच प्रतिसाद नसेल, कानही वळत नसतील, तर ऐकू येतं का ते पाहा. प्राणी दुसरीकडे पाहत असताना, त्याच्या नजरेबाहेरून, हवेचा झोत किंवा जमिनीचा हादरा न पोचता कागद चुरगाळा. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत आणि डाल्मेशियन कुत्र्यांत जन्मतः बहिरेपणा जास्त आढळतो. अशा प्राण्याला झोपेची खूण दुसऱ्या मार्गाने द्यावी लागते: ठरलेल्या वेळी मंद होणारा दिवा, ठरलेली चादर, आणि अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे संथपणे फिरणारा हात.